शॉकवेव्हचे आगाऊ पैसे भरण्याआधी

वाचकाचे पत्र

डॉक्टरसाहेबांस स. न. वि. वि.

माझे वय ५३ असून फोंडा तालुक्यात माझे हार्डवेअरचे दुकान आहे. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. गेल्या दीड वर्षापासून पत्नीजवळ असताना पुरेशी ताठरता येत नाही, आली तर टिकत नाही. फोंड्यात सगळे ओळखीचे, म्हणून चवथीच्या आधी म्हापशाला जाऊन तिथल्या एका फार्मसीतून गोळी आणली. दोनदा घेतली, दोन्ही वेळा उपयोग झाला नाही. मग मोबाइलवर शॉकवेव्ह थेरपीची जाहिरात पाहिली. क्लिनिकला फोन केला तेव्हा बारा बैठका, वेदना नाही, गोळीची गरज नाही, कायमचा इलाज, असे सांगण्यात आले. एक लाख वीस हजार रुपये आगाऊ भरायचे आहेत आणि महिनाअखेरपर्यंत भरल्यास सूट आहे. क्रेडिट सोसायटीतली ठेव मोडावी असा विचार आहे. पत्नीला यातले काही सांगितलेले नाही. उकाड्याचे निमित्त करून मी हॉलमध्ये झोपतो. या उपचाराने खरोखर गुण येतो का? काही अपाय तर होणार नाही ना? दिवसाला पाच-सहा सिगारेटी होतात. बाकी प्रकृती ठीक आहे, फक्त देवळाच्या पायऱ्या चढताना छाती भरून येते आणि मध्ये थांबावे लागते, पण ते वयामुळे असेल.

एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

उपचाराविषयी तुम्ही विचारलेल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मी सविस्तर देणार आहे. पण पत्राच्या अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, तुम्ही जे लिहिले आहे तिथूनच मला सुरुवात करावी लागेल. पायऱ्या चढताना छाती भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे ही गोष्ट, मधुमेह, रक्तदाब आणि सिगारेट ही तिन्ही सोबत असताना, वयाच्या माथी मारून सोडून देता येणार नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद झालेल्या असतील, तर श्रम करताना नेमके असेच होते. त्यातून मधुमेही माणसाच्या मज्जातंतूंवर परिणाम झालेला असल्यामुळे त्याला कळ स्पष्ट जाणवेलच असे नाही. पुष्कळांना केवळ दाब, धाप किंवा न पेलवणारा थकवा एवढेच जाणवते. म्हणून याच आठवड्यात फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे जा, ईसीजी काढून घ्या आणि इको किंवा स्ट्रेस टेस्ट यांपैकी काय करायचे ते त्यांना ठरवू द्या. तोपर्यंत जड सामान उचलणे, चढण घाईने चढणे आणि ताठरतेची कोणतीही गोळी घेणे बंद ठेवा. बसल्या जागी छाती दाटून आली, घाम फुटला किंवा दुखणे जबड्याकडे वा हाताकडे सरकू लागले, तर तारखेची वाट न पाहता १०८ ला फोन करा.

तुमची छातीची तक्रार आणि तुमची ताठरतेची तक्रार या दोन निराळ्या गोष्टी आहेत असे तुम्ही गृहीत धरले आहे. बहुतेक पुरुष तसेच धरतात, आणि दुर्दैवाने त्यांना कोणी विचारतही नाही. ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची क्रिया आहे. मेंदूकडून मज्जातंतूंमार्फत संदेश येतो, मज्जातंतूंच्या टोकांतून आणि धमन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, धमन्या सैलावून रुंद होतात, लिंगातील सच्छिद्र पेशीजालात रक्त भरते आणि त्या दाबाने रक्त परत नेणाऱ्या शिरा मिटून राहतात. मधुमेह, वाढलेला रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी खराब होते ते धमन्यांचे हे अस्तर, आणि ते खराब होणे एका अवयवापुरते कधीच राहत नाही. लिंगाच्या धमनीची रुंदी एक ते दोन मिलिमीटर असते, हृदयाच्या धमनीची तीन ते चार. त्यामुळे शरीरभर सारखाच बिघाड होत असला तरी तो आधी लहान धमनीत उघड होतो. कुळागरात पाटाचे पाणी आटू लागले की ते पहिल्यांदा टोकाच्या पोफळीला कळते, तसेच हे आहे. ताठरतेची तक्रार सुरू झाल्यानंतर साधारणपणे दोन ते पाच वर्षांनी हृदयविकाराची लक्षणे दिसू लागतात असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. तुमच्या तक्रारीला दीड वर्ष झाले आहे आणि छातीचे लक्षण दिसू लागले आहे. म्हणूनच फोनवर पैशांची मुदत सांगणाऱ्या त्या व्यक्तीने तुम्हाला तुमची साखर, रक्तदाब, छाती यांविषयी काही विचारले नसेल, तर त्या एका गोष्टीवरून त्या उपचाराविषयीचे माझे मत जवळजवळ ठरते.

तुम्ही पत्रात जो संकोच व्यक्त केला आहे त्याविषयी एवढेच सांगतो की अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वर्षांच्या पुरुषांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार होती, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तिचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट असते. मधुमेहाचे म्हणाल, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांत सर्व राज्यांमध्ये गोव्याचा आकडा सर्वाधिक, २६.४ टक्के, निघाला. चार प्रौढांमागे एकाहून अधिक. तुमच्या दुकानात रोज रंगाचा डबा किंवा पाइपचा सांधा मागायला येणाऱ्या तुमच्या वयाच्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण हेच दुखणे मनात दाबून वावरत असतील.

आता शॉकवेव्हविषयी, म्हणजे यंत्राने शरीरात सोडल्या जाणाऱ्या दाबाच्या लहरींविषयी. या लहरींचा वैद्यकातला पहिला मोठा उपयोग मूतखडा फोडण्यासाठी झाला. म्युनिक येथे १९८० साली पहिल्या रुग्णावर तो उपचार करण्यात आला. पुढे त्याहून कितीतरी कमी ताकदीच्या लहरी टाचदुखी आणि कोपरदुखी यांसाठी वापरात आल्या. प्राण्यांच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांत अशा सौम्य लहरींनी नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटण्यास चालना मिळते असे दिसले, आणि तो धागा धरून इस्रायलमधील हैफा येथील योराम वार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ताठरतेच्या २० रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. लहरींच्या सूक्ष्म आघाताने पेशी वाढकारक द्रव्ये सोडतात, त्यांतून नवे केशवाहिनीजाल तयार होते आणि नायट्रिक ऑक्साइड निर्माण करण्याची क्षमता सुधारते, अशी यामागची कल्पना आहे. कल्पना तर्कशुद्ध आहे, आणि या उपचाराला मी थोतांड म्हणणार नाही. गोळी त्या वेळेपुरते काम करते, तर हा उपचार मूळ बिघाडावर हात घालू पाहतो, म्हणून संशोधकांना त्याविषयी वाटणारी आस्थाही खरी आहे.

बैठकीत प्रत्यक्ष काय होते तेही सांगतो, म्हणजे भीतीही राहणार नाही आणि भ्रमही. रुग्णाला टेबलावर उताणे झोपवतात, सोनोग्राफीच्या वेळी लावतात ती जेल लावतात आणि हातात धरायच्या उपकरणाचे तोंड लिंगाच्या दांड्यावर तीन ठिकाणी व मुळाशी, वृषणांच्या मागच्या बाजूला, दोन ठिकाणी टेकवतात. उपकरण एका लयीत टकटक वाजत राहते. वार्डी यांच्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणी ३०० याप्रमाणे एका बैठकीत १५०० आघात दिले जात. हलके टोचल्याची जाणीव होते, भूल द्यावी लागत नाही आणि साधारण वीस मिनिटांत माणूस उठून आपल्या पायांनी घरी जातो. आठवड्यातून दोन बैठका याप्रमाणे तीन आठवडे, मग तीन आठवडे विश्रांती आणि पुन्हा तीन आठवडे, अशा त्यांच्या बारा बैठका होत्या. तुम्हाला सांगण्यात आलेला आकडा मुळात तिथला आहे. अपायाविषयी म्हणाल, तर क्वचित थोडे दुखणे, लालसरपणा किंवा किंचित काळेनिळे होणे यापलीकडे गंभीर इजा अभ्यासांत सहसा आढळलेली नाही. मात्र रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. तुमच्या बाबतीत मला वाटणारा अपाय वेगळा आहे. या बारा बैठकांचे नऊ आठवडे आपण काहीतरी करत आहोत या समाधानात निघून जातील आणि तेवढ्या काळात छातीची तपासणी राहून जाईल.

गुण येतो का, या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, कारण संशोधनाचे निष्कर्ष एका दिशेचे नाहीत. ताठरतेचे मोजमाप करण्यासाठी जगभर एक प्रश्नावली वापरली जाते. गेल्या चार आठवड्यांत प्रवेशासाठी पुरेशी ताठरता किती वेळा आली, ती शेवटपर्यंत टिकवणे किती अवघड गेले, अशा सहा प्रश्नांना मिळून कमाल ३० गुण असतात. हैफाच्याच गटाने २०१२ साली ६७ पुरुषांवर केलेल्या चाचणीत काहींना खऱ्या लहरी दिल्या आणि काहींना तेच उपकरण, तोच आवाज, पण लहरी नसलेला दिखाऊ उपचार दिला. खऱ्या उपचाराच्या गटाचे गुण सरासरीने सुमारे ६.७ ने वाढले, आणि काहीच न मिळालेल्या गटाचे सुमारे ३ ने. हा दुसरा आकडा विसरू नका. मनातली आशा, डॉक्टरांनी दिलेले लक्ष, आपण उपचार घेत आहोत ही भावना, एवढ्यानेही तीन गुणांचा फरक पडतो. आणि जाहिरातीत ज्या समाधानी रुग्णांचे अनुभव ऐकवले जातात त्यांतला किती भाग लहरींचा व किती आशेचा, हे तो रुग्ण स्वतःही सांगू शकत नाही. पुढे डेन्मार्कमधील १२६ पुरुषांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले, आणि त्यात खऱ्या व दिखाऊ उपचारांत रुग्णाला जाणवेल असा फरक आढळला नाही. बैठकांची संख्या, लहरींची ताकद आणि रुग्णांची निवड प्रत्येक ठिकाणी वेगळी असल्यामुळे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून बेरीज करता येत नाही. सगळ्या अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तर रक्तवाहिन्यांच्या बिघाडामुळे सौम्य स्वरूपाची तक्रार असलेल्या काही पुरुषांना काही काळ माफक फायदा होऊ शकतो, इतके म्हणता येते.

तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास मात्र २०१८ साली प्रसिद्ध झालेला आहे, आणि तोही इस्रायलमधूनच, म्हणजे या उपचारावर विश्वास असलेल्यांकडूनच, आलेला आहे. ज्यांना सुरुवातीला गुण आला होता अशांना त्यांनी दोन वर्षे तपासत ठेवले. दोन वर्षांच्या शेवटी त्यांपैकी सुमारे निम्म्यांचाच फायदा टिकून होता. तक्रार सौम्य आणि मधुमेह नाही, अशांच्या बाबतीत तो टिकण्याची शक्यता ७६ टक्के होती. तक्रार तीव्र आणि सोबत मधुमेह, अशा रुग्णांपैकी मात्र एकाचाही फायदा दोन वर्षे टिकला नाही. तुमची तक्रार नेमकी कोणत्या पायरीची आहे हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण नऊ वर्षांचा मधुमेह असलेल्या माणसाला फोनवरच ‘कायमचा इलाज’ म्हणून सांगणे मला अक्षम्य वाटते. अमेरिकेच्या मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत हा उपचार अजून प्रायोगिक समजावा असे म्हटले आहे. युरोपीय संघटनेने सौम्य तक्रारीच्या रुग्णांसाठी त्याला वाव ठेवला आहे, पण शिफारस दुबळी असल्याचे स्वतःच नमूद केले आहे.

यंत्राचाही प्रश्न आहे, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. वर सांगितलेल्या अभ्यासांत खोलवर एका ठिकाणी एकवटणाऱ्या लहरींची यंत्रे होती. दुसऱ्या प्रकारच्या यंत्रात दाबलेल्या हवेने आत एक ठोकळा आपटतो आणि त्याचा दाब त्वचेपासून चहूकडे पसरत जातो. त्याची ताकद त्वचेशी सर्वाधिक असते आणि आत जाता जाता विरून जाते. हे यंत्र स्वस्त आहे, स्नायूंच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपीत ते सर्रास वापरले जाते, आणि तेच यंत्र शॉकवेव्ह या एकाच नावाखाली ताठरतेसाठीही वापरले जाते. त्याच्या बाजूने तर एवढाही पुरावा नाही. क्लिनिकमध्ये कोणते यंत्र आहे हे तुम्हाला सांगितले गेले नसणार, आणि पत्रावरून तुम्ही विचारलेलेही दिसत नाही.

जाहिरातीविषयी कायदा काय सांगतो तेही तुम्हाला ठाऊक असावे. औषधे आणि जादुई उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींसंबंधीचा १९५४ चा जो कायदा आहे, त्यात माणसाची लैंगिक सुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना मनाई आहे आणि लैंगिक दुर्बलता हे त्याच्या परिशिष्टात नाव घेऊन घातलेले दुखणे आहे. मनात लाज असलेला माणूस फसवायला सोपा असतो आणि फसल्यावर तक्रार करत नाही, हे सत्तर वर्षांपूर्वीच्या कायदे करणाऱ्यांनाही उमगले होते. महिनाअखेरची सूट ही तुमच्या त्याच लाजेवर ठेवलेली मुदत आहे. औषधोपचारात अशी मुदत असू शकत नाही. खरोखर उपयोगी पडणारा उपचार पुढच्या महिन्यातही तितकाच उपयोगी पडेल. तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे: हे पॅकेज घेऊ नका आणि ठेव मोडू नका.

तुम्ही घेऊन पाहिलेल्या गोळीविषयी मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण तिला तुम्ही फार लवकर निकामी ठरवले आहे. तुम्ही नाव लिहिलेले नाही, पण बहुधा ती सिल्डेनाफिल असावी. हे औषध १९९८ पासून वापरात आहे आणि त्याच्याविषयी जितकी माहिती जमा झाली आहे तितकी शॉकवेव्हविषयी जमायला अजून बराच काळ लागेल. मधुमेही पुरुषांवर झालेल्या, १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांपैकी ५६ टक्के पुरुषांना सुधारणा जाणवली आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १० टक्के पुरुषांना. ती साधारण तासभर आधी घ्यावी लागते. भरपेट, तेलकट जेवणानंतर घेतली तर उशिरा आणि कमी चढते. सोबत फेणी किंवा अन्य मद्य असेल तर मद्यच ताठरतेच्या आड येते. आणि गोळी घेऊन नुसते वाट पाहत बसल्याने काही होत नाही, इच्छा आणि स्पर्श हे हवेतच. मात्रा २५, ५० आणि १०० मिलिग्रॅम अशी असते आणि ती रुग्ण पाहून ठरवायची असते. योग्य मात्रेत, योग्य रीतीने सहा-आठ वेळा घेऊनही गुण आला नाही, तरच ती लागू पडत नाही असे म्हणतात. टाडालाफिल हे तिचे भावंड ३६ तासांपर्यंत काम करते आणि रोज लहान मात्रेतही देता येते, त्यामुळे घड्याळाकडे पाहण्याचा ताण जातो. चिठ्ठीशिवाय फार्मसीतून आणून घेतलेल्या दोन गोळ्यांवरून यातले काहीच ठरत नाही.

पण हीच गोळी तुमच्यासाठी सध्या धोक्याची असू शकते. छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायला जी सॉर्बिट्रेट देतात ती, किंवा नायट्रेट वर्गातले कोणतेही औषध, आणि ताठरतेची गोळी एकत्र आल्यास रक्तदाब एकाएकी इतका उतरतो की माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिल घेतल्यानंतर २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यानंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. हृदयाची तपासणी होईपर्यंत गोळी बंद ठेवा असे मी वर म्हटले ते यासाठी; आणि कधी छातीत दुखून इस्पितळात जावे लागले, तर गोळी घेतली असल्यास ते लाज न बाळगता सर्वांत आधी सांगा. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू असेल तर तीही सांगा. ‘आयुर्वेदिक’ किंवा ‘वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ताकदीच्या कॅप्सूलमध्ये लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल मिसळलेले अनेकदा सापडले आहे, त्यामुळे तीही वाट सुरक्षित समजू नका.

तपासण्यांमध्ये उपाशीपोटीची साखर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी), कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाचे कार्य आणि सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन एवढे पुरेसे होते; टेस्टोस्टेरॉन कमी निघाले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजल्याशिवाय त्यावर उपचार करू नयेत. गरज वाटल्यास मूत्रविकारतज्ज्ञ इंजेक्शन देऊन लिंगाच्या रक्तप्रवाहाची डॉप्लर तपासणी करतात, आणि बिघाड रक्तवाहिन्यांचा आहे की अन्य कशाचा हे त्यात दिसते. तुमच्या रक्तदाबाच्या गोळीचे नावही त्यांना दाखवा, कारण काही जुन्या गोळ्या ताठरतेवर परिणाम करतात आणि त्या बदलता येतात. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नका. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मूत्रविकार विभाग आहे. तिथे ओळखीचे कोणी भेटेल ही तुमची भीती मी समजू शकतो, कारण आपल्या गोव्यात दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला नाते निघते. पण त्या विभागाबाहेर बसलेल्यांत मूतखड्याचे आणि प्रोस्टेटचे रुग्णच पुष्कळ असतात, आणि तुम्ही तिथे कशासाठी बसला आहात हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणाला कळण्याचे कारण नाही.

सिगारेट सोडा हे तुम्ही अनेकांकडून ऐकले असेल. इथे ते ताठरतेसाठीच सांगत आहे, आणि आहार-व्यायामाचेही तसेच. इटलीत लठ्ठ पुरुषांना दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांविषयी नीट मार्गदर्शन केले असता त्यांपैकी सुमारे एकतृतीयांश पुरुषांची ताठरता कोणत्याही गोळीशिवाय पूर्ववत झाली, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. हृदयरोगतज्ज्ञांनी परवानगी दिल्यावर आठवड्यातून चार दिवस, चाळीस मिनिटे, भरभर चालायला लागा. दुपारचे शीत, म्हणजे भात, निम्मे करा आणि सकाळ-संध्याकाळच्या उंड्यांवर, म्हणजे पावांवर, आवर घाला. एचबीएवनसी खाली येण्याचा फायदा दोन्हीकडे होईल. गोळ्यांनी भागले नाही तर व्हॅक्यूमचे उपकरण, लिंगात स्वतः घ्यायचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचे प्रत्यारोपण, असे उपाय पुढे आहेतच. हृदय ठीक निघाले, साखर ताब्यात आली, तक्रार सौम्य ठरली आणि गोळीवर थोडे कमी अवलंबून राहावे असे तुम्हाला वाटले, तर त्या वेळी मूत्रविकारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, एकवटणाऱ्या लहरींच्या यंत्राने आणि बैठकीगणिक पैसे देऊन शॉकवेव्हचा विचार करायला माझी हरकत नाही. फायदा माफक आणि तात्पुरता असू शकतो हे मात्र आधी मनाशी पक्के करा.

राहिली तुमच्या पत्नीची गोष्ट, आणि ती मला औषधाइतकीच महत्त्वाची वाटते. तुम्ही हॉलमध्ये झोपता ते उकाड्यामुळे नाही हे त्यांना कळलेले नाही, असे तुम्हाला खरोखर वाटते का? दीड वर्षात त्यांनी काहीतरी कारण मनाशी धरलेले असणार, आणि माझ्या अनुभवात बायका अशा वेळी दोनच कारणे धरतात: एक तर आपण नकोशा झालो आहोत, किंवा बाहेर दुसरे कोणी आहे. या दोन्हींपेक्षा खरे कारण सांगायला कितीतरी सोपे आहे. तुम्हाला सुरुवात सुचत नसेल तर छातीपासून करा. पायऱ्या चढताना त्रास होतो, डॉक्टरांनी तपासायला सांगितले आहे, तूही चल, एवढे म्हणा. आणि मग त्याच बसण्यात सांगा की मधुमेहाचा परिणाम इथेही झाला आहे, म्हणून मी दूर झोपत होतो. डॉक्टरांकडे त्यांना सोबत न्या. त्यांच्याही वयात शरीर बदलत असते, कोरडेपणामुळे त्यांनाही त्रास होत असेल आणि त्याही ते बोलल्या नसतील. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही दिवस संभोगाचा हट्ट न धरता नुसते जवळ राहिलात, तर अपयशाची जी भीती आता धमन्यांच्या बिघाडाच्या जोडीने तुमच्या तक्रारीत भर घालत आहे ती आपोआप कमी होईल. पहाटे जाग येताना ताठरता असते की नाही, याकडेही या काळात लक्ष द्या आणि डॉक्टरांना सांगा. ती असेल तर मनाच्या ताणाचा वाटा मोठा आहे असे समजून उपचाराची दिशा ठरते.

क्लिनिकमधून पुन्हा फोन आला तर हृदयाची तपासणी चालू आहे, सध्या काही घेणार नाही, एवढे सांगून फोन ठेवा. कार्ड किंवा बँक खात्याची माहिती दिलेली असेल तर आजच बँकेला कळवा. ईसीजीचा अहवाल आणि एचबीएवनसीचा आकडा हाती आला की मला पुन्हा लिहा, सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे आणि मात्रा द्या; गोळी पुन्हा सुरू करण्याविषयी तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचे ते त्यावरून मला नेमके सांगता येईल.